दिवसभर तिन्हीसांज

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि गेलो तोही वाळू, लाटा, भरती-ओहोटी असल्या विषयांकडे. मराठीत सलग काही लिहून वर्षं झाली. शेवटचा निबंध बारावीत लिहिला, 'माझा आवडता ऋतू'. मी हिवाळा निवडला होता. बाईंनी खाली लाल पेनने लिहिलं, "हिवाळ्याबद्दल एक वाक्य नाही, सगळं शेकोटीबद्दल आहे." तेव्हा ऋतू आणि उजेड यांच्यावर मी लिहावं, तेही पुस्तकं वाचणाऱ्या माणसांसाठी, हे जरा जास्तच होतंय याची मला जाणीव आहे. पण त्या नोव्हेंबरात माझा जो गोंधळ उडाला तो अजून पुरता निवळलेला नाही. लिहिता लिहिता निवळला तर बरं, एवढाच माझा स्वार्थ. चुका पोटात घाला.

मी एडिनबरामध्ये मास्टर्स करतो. शरद संपता संपता उत्तरेकडे जी वादळं येतात, ती किनाऱ्यावरची वाळू किती ओढून नेतात याचा आमच्या सरांचा अभ्यास आहे. त्यासाठी त्यांनी आम्हा दोघांना शेटलंडला पाठवलं. शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्याही वर समुद्रात विखुरलेली बेटं. आधी रात्रभर मोठी बोट, मग बस, फेरी, पुन्हा बस, पुन्हा फेरी. शेवटच्या बेटाच्या उत्तर टोकाला खाडीच्या कडेने थोडी घरं, एक बंद झालेली शाळा आणि एक दुकान. झाड एकही नाही. मेंढ्या दगडी भिंतीच्या आडोशाला अशा चिकटून उभ्या, की भिंतीलाच लोकर फुटली आहे असं वाटावं. आमची घरमालकीण सत्तरीच्या पुढची, एकटी राहणारी. पहिल्याच दिवशी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बोट दाखवलं आणि म्हणाली, "इथून सरळ उत्तरेला पोहत निघालात, तर पुढचा स्टॉप बर्फ."

माझ्याबरोबर होती ती वर्गातली मैत्रीण. इंग्लंडमधल्या लेस्टरची, जन्म तिथलाच. तिचं मराठी तिच्या आजीकडून आलेलं, त्यामुळे शब्द घरगुती आणि चांगले. पण लिंगं तिने वाटेल तशी वाटून टाकलेली. नपुंसकलिंग तर तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. "तुझा आई फोन केला?" असं ती रोज विचारायची. आणि रोज विचारायला कारण होतं.

आम्ही निघायच्या आधी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. अण्णा घड्याळं दुरुस्त करतात. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर त्यांची टपरी आहे. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर वाकलेले असतात, आणि भिंग लावायचा तो डोळा उजवा. डावा लहानपणापासून अधू. एके दिवशी सकाळी उजव्या डोळ्यापुढे वरून काळं काहीतरी उतरू लागलं. सोलापूरला नेऊन ऑपरेशन केलं आणि दवाखान्याजवळच भाड्याची खोली घेतली. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला, म्हणजे तो सुटलेल्या पडद्याला मागे दाबून धरील, आणि अण्णांना पालथं झोपून राहायला सांगितलं. काही दिवसांनी मोठे डॉक्टर तपासणार आणि पडदा पुन्हा जागेवर बसला का, ते सांगणार. मी फोनवर म्हणालो, येतो. अण्णा उशीत तोंड खुपसून ओरडले, "येऊन काय करणार? माझ्या शेजारी पालथा पडणार? जा तुझ्या वाळूकडं."

म्हणून मी वाळूकडे गेलो. बरोबर एकच प्रश्न घेऊन गेलो: अण्णांना दिसणार का?

तिथल्या उजेडाबद्दल आता लिहायला पाहिजे, कारण सगळा घोळ त्यानेच केला.

माझी समजूत अशी होती की दिवस म्हणजे सूर्य एका बाजूने वर येतो, डोक्यावर जातो आणि दुसऱ्या बाजूला उतरतो. तिथे नोव्हेंबर संपत आला की सूर्य डोक्याकडे फिरकतच नाही. आमचा नाश्ता उरकला तरी बाहेर राखाडी. मग दक्षिणेच्या टेकडीमागे कुठेतरी पिवळटपणा येतो, सूर्य टेकडीच्या पाठीवरून थोडासा डोकावतो, तिच्याच कडेने घसरत जातो, आणि जेवणानंतरचा चहा होईतो निघून जातो. म्हणजे जेव्हा दिसतो तेव्हा. बहुतेक दिवस ढग इतके खाली असायचे की टेकडीचा वरचा अर्धा भागच नसायचा. पाऊस वरून पडत नाही, समुद्रावरून आडवा येतो. त्यात मीठ असतं. खिडक्यांच्या काचांवर मिठाची पांढरी साय धरते आणि मालकीणबाई रोज सकाळी बादली आणि फडकं घेऊन ती पुसतात. संध्याकाळी पुन्हा तशीच.

अशा घरात मला वेळ कळेनाशी झाली. फोनवर आकडे दिसायचे, पण ते आकडे आणि बाहेरचा उजेड यांचं जुळायचं नाही. एकदा किनाऱ्यावरून भिजून आलो, पडलो, झोप लागली. जाग आली तेव्हा बाहेर तोच करडा अंधार. दात घासले, अंघोळ केली आणि खाली जाऊन मालकीणबाईंना गुड मॉर्निंग म्हणालो. त्या रात्रीच्या जेवणासाठी मासे तळत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मला वाटीभर पॉरिज, म्हणजे तिथली न्याहारीची ओटची पेज, करून दिलं आणि स्वतः मासे खाल्ले. मैत्रीण टेबलाखाली माझ्या पायावर लाथा मारत हसत होती.

आमच्या सरांचा आणखी एक किनारा होता, नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, खऱ्याखुऱ्या आर्क्टिकमध्ये. तिथल्या एका वस्तीतून एक विद्यार्थी रोज भर दुपारचा फोटो आम्हाला पाठवायचा. तिथे सूर्य उगवायचाच बंद झाला होता. फोटोत बर्फ निळा, समुद्र निळा, घरांच्या खिडक्यांत दिवे, आणि आकाश आपल्याकडे दिवेलागणीनंतर असतं तसं. मैत्रीण म्हणाली, "हा बाराचा फोटो आहे? आणि आपण रडतो." मी मनात ठरवून टाकलं, हा फोटो आईला कधीही दाखवायचा नाही.

कारण आईचा नियम.

आमच्या घरी तिन्हीसांजेला दिवा लागतो, दार उघडं राहतं, कोणी आडवं पडत नाही, कोणी केस विंचरत नाही, आणि दुखण्याखुपण्याचं तर नावच काढायचं नाही. त्या वेळी वास्तू तथास्तु म्हणत असते. आपण जे बोलू त्याला 'तसंच होवो' म्हणते. लहानपणी एकदा ऐन दिवेलागणीला मी "माझं पोट दुखतंय" म्हणालो, तर आईने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "दुखत नाही म्हण." मी दुखत नाही म्हणालो आणि पोट धरून बसलो.

मोठ्या डॉक्टरांनी तपासायचा दिवस आला आणि गेला. किनाऱ्यावर रेंज नव्हती. फोन लागायचा तो फक्त मालकीणबाईंच्या वाय-फायवर, स्वयंपाकघरातून. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून, बाहेर पडायच्या आधी, मी खिडकीला पाठ करून बसलो आणि आईला व्हिडिओ कॉल लावला.

"दिवे लागले वाटतं तुमच्याकडं?" आई म्हणाली.

"अगं, सकाळ आहे."

"सकाळ? मग मागं तो दिवा कशाला?"

"लागतो इथं. ते सोड. डॉक्टरांनी तपासलं?"

"तपासलं."

"मग?"

"अरे, तिन्हीसांजेचं नको."

"आई, तुझ्याकडं दुपार आहे! ऊन दिसतंय तुझ्या मागं!"

"माझ्याकडं असेल. ऐकणारा तू आहेस ना? तुझ्या मागं बघ जरा."

मी मागे बघितलं. खिडकीत बरोबर तिन्हीसांज होती.

"जेवण करतोस का नीट?" आई म्हणाली. "ती म्हातारी काय खायला घालते?"

मला वाटलं, ठीक आहे, जरा उशिराने करू. दिवसाच्या मध्यावर फोन लावला तर आईकडे दिवा लावायची वेळ झालेली. "आत्ता नको," म्हणून तिने ठेवूनच दिला. चहाच्या वेळी लावला, तर तिच्याकडे जेवणं उरकलेली, पण माझ्या खिडकीत मिट्ट होत आलेलं. "अंधार पडतोय ना तुझ्याकडं? मग उद्या बोलू, उजाडल्यावर." मी म्हटलं, "इथं उजाडतच नाही गं." तर म्हणाली, "असं अभद्र बोलू नकोस." मग मी म्हटलं, चल, रात्री बोलू. तर म्हणाली, "रात्री तर मुळीच नको." तिच्या सकाळी माझी झोप असते, आणि पोराची झोप मोडायची तिची तयारी नव्हती. अण्णांचा फोन तिने बंद करून फडताळात ठेवला होता, कारण पालथ्या माणसाने फोन बघायचा नसतो. चुलतभावाला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, "काकू म्हणाल्या मी काही बोलायचं नाही. पण तू टेन्शन घेऊ नको." त्या 'पण'ने मला दिवसभर किनाऱ्यावर नीट उभं राहू दिलं नाही.

ओहोटी आणि उजेड एकत्र आले की आम्हाला वाळूचे फोटो घ्यायचे असत, आणि ते दोन्ही एकत्र फार थोडा वेळ असत. ट्रायपॉडचे पाय दगडांनी दाबून मैत्रीण मला ओरडून विचारत होती, कारण वाऱ्यात ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

"पण व्हाय? का नाही सांगत ती?"

मी ओरडून वास्तू आणि तथास्तु सांगितलं. तिला ते माहीत होतं. तिची आजीही म्हणायची.

"थांब, थांब," ती म्हणाली. "वास्तू जे बोलला ते खरं करते ना? मग गुड न्यूज असेल तर त्याच टाइमला सांगायला पाहिजे! फ्री ब्लेसिंग! ती नाही सांगत, म्हणजे..."

मग तिला आपण काय बोलतोय ते कळलं आणि तिने वाकून आणखी एक दगड उचलला. ट्रायपॉड वाऱ्याने हलत होता. मी तो धरला. तिने माझ्या जॅकेटच्या बाहीला धरून म्हटलं, "सॉरी. आणि एनीवे, इथला वास्तू मराठी नाही बोलत. तो इंग्लिश बोलते."

हसू आलं, पण तिचं म्हणणं डोक्यातून जाईना. मला असं सरळ कधी सुचलंच नव्हतं. चांगलं असतं तर आईने दिव्यासमोर उभं राहून मोठ्याने सांगितलं असतं. परत आल्यावर मी फोन लावला आणि तिने तोंड उघडायच्या आत म्हणालो, "चांगलं असतं तर तू तिन्हीसांजेलाच सांगितलं असतंस. खरं का नाही?"

आईने फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "चांगलं का वाईट, ते मला ठरवता आलं असतं तर सांगितलं नसतं का रे? मलाच कळंना झालंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय ते—" एवढं म्हणाली आणि दिवा गेला. आमच्याकडचा. वाय-फायही गेलं. बाहेर वारा आधीच वाढला होता. आता त्याने घराला खांदा लावला.

ते वादळ दोन-तीन दिवस होतं, असं आता मला वाटतं. तेव्हा नीट मोजता आलं नाही. फेऱ्या बंद, दुकानात ब्रेड नाही, फोनला रेंज नाही. मालकीणबाईंनी मेणबत्त्या काढल्या आणि गॅसवर सूप ठेवलं. दिवसा खिडकीबाहेर इतकाच उजेड की खाडी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळू नये. खाडीचं पाणी पांढरं होऊन आडवं उडत होतं. काचांवर मिठाचे थर बसले, आणि मालकीणबाई म्हणाल्या की वारा पडेपर्यंत आता पुसण्यात अर्थ नाही.

मी त्या पांढऱ्या काचेकडे बघत बसायचो. आईच्या वाक्याची कितीतरी टोकं धरून बघितली. चांगलं का वाईट ते कळत नाही, म्हणजे काय असेल? एका वेळी वाटायचं, थोडं दिसत असेल. दुसऱ्या वेळी वाटायचं, दिसत नाहीये आणि तिला ते मान्य नाहीये. अण्णा भिंग न लावता टपरीत बसलेत असं चित्र डोळ्यापुढे आणून बघायचो, तर त्यांनी बसून काय करायचं तेच कळायचं नाही. दुसरं कुठलंही काम करताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

मालकीणबाईंनी मैत्रिणीला विचारलं, "याला झालंय काय?" तिने त्यांना सगळं सांगितलं. पडदा, बुडबुडा, आई, तिन्हीसांज, तथास्तु. मला लाज वाटली. आईचं इंग्रजीत सांगितलं की ते एकदम खुळ्यासारखं वाटतं. मी म्हणालो, "जुन्या समजुती आहेत, दुसरं काही नाही."

मालकीणबाई हसल्या नाहीत. "तिन्हीसांजेला आमच्या बेटावर मर्कनिन म्हणतात," एवढंच आधी म्हणाल्या. मग सूप ढवळत, आपल्या बोलीत, मला अर्धंमुर्धं कळेल असं सांगू लागल्या. त्यांच्या आजोबांच्या होडीत काही शब्द चालत नसत. सुरी म्हणायचं नाही, मांजर म्हणायचं नाही, आणि पाद्री तर नाहीच. पाद्र्याला आजोबा 'तो उभा राहणारा' म्हणायचे, कारण तो चर्चमध्ये उभा राहून बोलतो.

"का?" मैत्रिणीने विचारलं.

"समुद्र ऐकत असतो," त्या म्हणाल्या. "पण तो फारसा हुशार नाही. दुसऱ्या नावाने बोललं की त्याला समजत नाही." आणि माझ्याकडे चमचा रोखून म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, दुसऱ्या नावाने बोल."

मैत्रीण म्हणाली, "जीनियस!" मला ते हुशारीचं वाटलं की वेडेपणाचं, ते ठरवता येईना. पण माझ्याकडे तरी दुसरं काय होतं?

मग एका सकाळी जाग आली ती शांततेने. वारा नव्हता. मालकीणबाई बाहेर शिडी लावून काचा पुसत होत्या. असा दिवस तिथे दोन वादळांच्या मध्ये कधीतरी एखादा येतो, आणि त्याला त्यांच्याकडे वेगळं नावच आहे: 'दोन हवांमधला दिवस'. त्या दिवशी लोक कपडे वाळत घालतात, छपरं ठोकतात, आणि कोणी कोणाला फार वेळ बोलण्यात गुंतवत नाही. खाडी इतकी गुळगुळीत, की पलीकडच्या घराचं धुराडं पाण्यात उलटं दिसत होतं. अर्धी सकाळ सरल्यावर सूर्य टेकडीवर आला. त्या उन्हात ऊब नव्हती, पण रंग होता. प्रत्येक मेंढीची सावली शेताच्या पार टोकापर्यंत गेली होती.

आम्ही धावत किनाऱ्यावर गेलो आणि फोटो घेतले. वाळू बरीच गेली होती; खालचे काळे गोटे उघडे पडले होते. तेवढ्यात मैत्रिणीच्या फोनला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, एक रेघ रेंज आली. "घरी, घरी!" ती म्हणाली. "वाय-फाय आला असेल!"

स्वयंपाकघरात पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. खिडकीतून ऊन सरळ टेबलावर पडलं होतं. मी फोन लावला आणि आईचं तोंड दिसताच कॅमेरा बाहेर वळवला.

"ऊन बघ, आई! बघ!"

"ऊनच आहे की रे," आई म्हणाली. "पण असं आडवं कसलं? संध्याकाळचं असतं तसं?"

"भर दुपार आहे. आता सांग."

"तुझ्याकडं आहे रे. पण माझ्याकडं दिवा लावायची वेळ झाली. हा काय, काडी हातात आहे." तिने खरोखरच काडेपेटी कॅमेऱ्यासमोर धरली. तिच्या मागे, सोलापूरच्या भाड्याच्या खोलीत, अंधारून आलं होतं.

मैत्रिणीने कपाळावर हात मारून घेतला. मग माझ्या खांद्यावरून पुढे वाकून म्हणाली, "काकू, नमस्ते. तुम्ही नाव नका घेऊ. दुसरा नाव घ्या. मग घर समजत नाही."

"कोण गं तू?" आई म्हणाली. "लेस्टरची का? बरी आहेस ना बाळा? थंडी आहे का?"

"आई," मी म्हणालो, "ती बरोबर सांगते. डोळा म्हणू नकोस. दुसरं काहीतरी म्हण. काहीही म्हण, पण सांग."

आईने काडी ओढली, दिवा लावला, हात जोडले. मग फोन उचलला, आणि माझं काहीच ऐकलं नाही अशा आवाजात म्हणाली, "ते मोठं घड्याळ आहे ना, ते उघडलं होतं त्या लोकांनी."

मला वाटलं, विषय बदलला. "कुठलं घड्याळ?"

"मोठं रे. उजवीकडचं."

"टपरीत उजवीकडं मोठं घड्याळ कुठं आहे? उजवीकडं पट्ट्यांचा स्टँड आहे."

मैत्रिणीने माझ्या दंडावर जोरात गुद्दा मारला. "डोळा रे! उजवा डोळा! स्टुपिड!"

"अगं, नाव घेऊ नकोस ना!" आई तिकडून ओरडली.

मी फोन दोन्ही हातांनी धरला. "बरं. घड्याळ. उघडलं. मग?"

"बसलं," आई म्हणाली.

आता हे मी लेस्टरच्या मैत्रिणीला कितीही वेळा समजावलं तरी तिला पटत नाही. आमच्याकडे घसा बसतो, आवाज बसतो, धंदा बसतो. घड्याळ बसलं, असं मी अण्णांच्या तोंडून शंभरदा ऐकलं आहे. गिऱ्हाईक घड्याळ टेबलावर ठेवतं, अण्णा भिंगातून बघतात आणि मान न उचलता म्हणतात, "बसलंय हे." त्यानंतर ते दुरुस्त होत नाही. पण पडदा बसतो तेव्हा तो जागेवर बसतो, आणि तेच तर आम्हाला हवं होतं. आईने डोळ्याचं घड्याळ केलं आणि क्रियापद तेच ठेवलं.

"बसलं म्हणजे?" मी विचारलं. "कसं बसलं? बंद पडलं?"

"बंद कशाला पडेल? बसलं म्हणतेय मी."

"सॅट?" मैत्रीण कुजबुजली. "कशावर सॅट?"

"आई, चालतंय का नाही ते सांग!"

"चालतंय म्हणजे... मागं पडतंय. काटे दिसत नाहीत. पण आतला दिवा लागतो."

"घड्याळात दिवा कुठनं आला?"

"मला काय माहीत! तूच म्हणालास, काहीही म्हण!" आईला रडू येत होतं की हसू, ते त्या अंधारलेल्या खोलीत मला दिसत नव्हतं. माझ्याकडे इतकं लख्ख ऊन असून मला काहीच कळत नव्हतं. मालकीणबाई ओलं फडकं हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या.

मग फोन हलला. छत दिसलं, भिंत दिसली, आणि अण्णांचा आवाज आला. उशीतून येतो तसा नाही, मोकळा. त्यांना थोडा वेळ उठून बसायची परवानगी मिळाली होती.

"काय लावलंय घड्याळ घड्याळ," अण्णा म्हणाले. "इकडं आण तो फोन. ऐक. पडदा बसलाय जागेवर. डॉक्टर म्हणाले, चिकटलाय."

"अहो, दिवा लागलाय!" आईचा आवाज आला. "तिन्हीसांजेला बोलू नका!"

"लागू दे. म्हणू दे तथास्तु," अण्णा म्हणाले, आणि मग माझ्याशी, सावकाश, गिऱ्हाइकाला सांगतात तसं: "बुडबुडा विरतोय अजून. किती दिसेल ते डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत. भिंग लावता येईल का, ते आत्ता विचारू नकोस. पण खिडकी कुठं आहे ते कळतं. सकाळी कळतं, आत्ता जरा कमी. खिडकीपुढं कोणीतरी उभं आहे, एवढंही कळतं. तुझी आई आहे का टेबलफॅन, ते अजून नाही कळत."